शाळेचे विजेचे बिल आणि मुलांची नोंदवही : वाचकांचे प्रश्न

१४ डिसेंबरचा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन जवळ आला की शाळाशाळांतून घोषवाक्यांचे फलक रंगू लागतात. विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने शाळेत वीज आणि इंधन वाचवण्याचे जे उपक्रम चालतात, त्यांविषयीचे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील वाचकांना केले होते. आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांची उत्तरे येथे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून शाळांची व पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेत दरवर्षी ऊर्जा संवर्धन दिनी चित्रकला स्पर्धा आणि प्रभातफेरी होते. मुले उत्साहाने भाग घेतात, पण विजेच्या बिलात काडीचाही फरक पडत नाही. यंदा आठवी-नववीच्या मुलांकडून खराखुरा प्रकल्प करून घ्यायचा आहे. सुरुवात कोठून करावी? (विज्ञान शिक्षिका, दापोली तालुका)

उत्तर : ताई, पहिले काम मीटरपाशी आहे. चित्रकला स्पर्धेला माझा विरोध नाही; ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००५ पासून शाळकरी मुलांसाठी देशपातळीवर अशी स्पर्धा घेत आला आहे आणि तिच्यामुळे हा विषय घराघरांत पोहोचला, हे मान्य केले पाहिजे. परंतु सुंदर चित्र काढणाऱ्या मुलाला आपल्या शाळेत काल किती युनिट वीज खर्च झाली हे विचारले, तर बहुतेक ठिकाणी उत्तर येत नाही, आणि शिक्षकांनाही ते ठाऊक नसते. जो खर्च कोणी मोजतच नाही, तो कमी कसा व्हावा?

म्हणून दर आठवड्याला दोन मुलांकडे मीटरची जबाबदारी द्यावी. परिपाठाच्या आधी एकदा आणि शाळा सुटताना एकदा मीटरवरचा आकडा त्यांनी वहीत लिहावा. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे दिवसाचा खर्च, आणि संध्याकाळच्या व दुसऱ्या दिवशी सकाळच्या आकड्यांतील फरक म्हणजे रात्रीचा खर्च. हा दुसरा फरक मुलांना सर्वांत जास्त कामाला लावतो. शाळेत चिटपाखरू नसताना युनिटे का पडली, याचा शोध घ्यायला मुले आपण होऊन निघतात, आणि मग संगणक कक्षातला चालूच राहिलेला यूपीएस, रात्रभर पाणी थंड करत बसलेला कूलर, कार्यालयातला प्रिंटर, दिवस उजाडल्यावरही जळत राहणारा व्हरांड्यातला दिवा अशी एकेक मंडळी सापडू लागतात.

त्यानंतर वर्गवार यादी करावी : पंखे किती, ट्यूब किती, त्या चोकवाल्या की एलईडी, आणि कोणत्या बटणावर काय चालते. या शेवटच्या रकान्याकडे कृपया दुर्लक्ष करू नये. बहुतेक वर्गांतल्या स्विचबोर्डावर आठ-दहा बटणे एका रांगेत असतात आणि कोणते कशाचे हे कोणालाच नक्की माहीत नसते. त्यामुळे फळ्यावरचा दिवा लावायला गेलेला मुलगा हाताचा पंजा फिरवून सगळीच बटणे खाली पाडतो. रांग १ पंखा, खिडकीकडची ट्यूब, फळ्याची ट्यूब अशा चिठ्ठ्या मुलांच्याच अक्षरात बोर्डावर लावणे, हा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे. चिठ्ठ्या लावताना अनेकदा असेही लक्षात येते की खिडकीकडची आणि भिंतीकडची ट्यूब एकाच बटणावर आहे, म्हणजे आतल्या रांगेला उजेड हवा असला की उन्हातल्या रांगेलाही दिवा लागतो. पुढच्या दुरुस्तीला वायरमन येईल तेव्हा एवढे वेगळे करून घ्यावे.

दिव्यांचा हिशेब मुलांनी स्वतः मांडावा. जुनी चोकवाली ट्यूब चोकसकट साधारण ५० वॉट घेते. तेवढाच उजेड देणारी एलईडी ट्यूब २० वॉटमध्ये भागवते. रोज चार तास आणि वर्षाचे २२० शालेय दिवस धरले, तर एका ट्यूबमागे वर्षाला २६ युनिटांची बचत होते. प्रतियुनिट सर्व आकार मिळून आठ रुपये पडतात असे सोयीसाठी धरले (तुमच्या बिलातील रक्कम भागिले युनिटे करून खरा दर काढावा), तर ती दोनशे रुपयांवर जाते, आणि ट्यूबची किंमत वर्ष-दीड वर्षात वसूल होते. बदल केल्यावर बाकांवर उजेड पुरेसा पडतो की नाही, हेही पाहायला हवे. वर्गासाठी साधारण ३०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) हा मापदंड धरतात आणि मोबाइलवरच्या ॲपने त्याचा ढोबळ अंदाज येतो.

राहिली तुलना. येथे कोकणातल्या शाळांनी विशेष सावध राहावे, कारण आपल्याकडे एक महिना दुसऱ्यासारखा नसतो. जून-जुलैत मळभामुळे भर दुपारी दिवे लागतात, पण पंखे मंद असतात. ऑक्टोबरमध्ये दिवे बंद आणि पंखे पूर्ण वेगात. गणपतीची सुट्टी कधी ऑगस्टअखेर पडते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. तेव्हा सप्टेंबरच्या बिलाची ऑगस्टच्या बिलाशी तुलना करून “आम्ही तीस टक्के बचत केली” असे जाहीर करणे म्हणजे गणरायाच्या सुट्टीचे श्रेय आपल्या खात्यावर मांडणे होय. महिन्याची युनिटे भागिले शाळा भरल्याचे दिवस, असा आकडा काढावा आणि तो मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावा. मागील महिन्यांचा वापर बिलावर छापलेला असतो, त्यामुळे जुनी बिले हाताशी नसली तरी काम अडत नाही. दहावीची मुले फेब्रुवारीत शाळेतून मोकळी होतात, म्हणून वही नववीकडे असावी आणि आठवीच्या मुलांनी वर्षभर सोबत राहून ती शिकून घ्यावी.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. आमच्या वर्गात सहा पंखे आहेत. पंखा दोनवर ठेवला तर वीज वाचते असे आम्ही गटात ठरवले, पण आमचे सर म्हणतात की पंखा हळू फिरवला तरी वीज तेवढीच जाते, उरलेली रेग्युलेटर खातो. खरे काय? (विद्यार्थिनी, देवगड तालुका)

उत्तर : तुझ्या सरांचे म्हणणे जुन्या रेग्युलेटरच्या बाबतीत बरेचसे खरे आहे. भिंतीवर मोठ्या डबीएवढा, चालू असताना हाताला गरम लागणारा रेग्युलेटर असेल, तर त्यात रोधाची तार असते; पंख्याला कमी वीज मिळावी म्हणून उरलेल्या विजेतली बरीचशी ती तार तापवण्यातच जाते आणि बचत अगदी थोडी होते. बोर्डातच बटणाशेजारी बसणारा छोटा रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक असतो. तो वीज अशी जाळत नाही, त्यामुळे पंखा हळू केला की मीटरही खरोखर हळू होतो. म्हणजे तुमचा गटही बरोबर असू शकतो आणि सरही. भिंतीवर काय बसवले आहे त्यावर ते ठरेल.

पण माझ्या किंवा सरांच्या शब्दावर विसंबू नकोस, कारण याचा निकाल मीटर देतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच एका युनिटला किती लुकलुका होतात तो आकडा छापलेला असतो. साध्या मीटरवर तो बहुधा ३२०० असतो, थ्री फेज मीटरवर वेगळा असू शकतो. सरांना विचारून शाळा सुटल्यावरची वेळ घ्या आणि बाकी सगळे बंद करून फक्त तुमच्या वर्गातले सहा पंखे पूर्ण वेगात लावा. एकाने घड्याळ धरावे आणि दुसऱ्याने एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजावे. साधा पंखा ७५ वॉटचा, म्हणजे सहा पंखे ४५० वॉट, तासाला ०.४५ युनिट, म्हणजे १४४० लुकलुका, म्हणजे मिनिटाला २४. तुमचा आकडा याच्या आसपास यायला हवा. मग सगळे पंखे दोनवर आणून पुन्हा मोजा. आकडा २२-२३ वरच अडला तर सरांचा विजय. १२-१३ वर उतरला तर तुमचा.

हेच गणित उलटेही करता येते : मिनिटाच्या लुकलुका गुणिले ६०, भागिले ३२००, म्हणजे तासाची युनिटे. या एका सूत्रावर वॉटमीटर विकत न घेता शाळेतली जवळजवळ प्रत्येक वस्तू मोजता येते. मोजणी चुकते ती दोन कारणांनी : कुठेतरी एखादा दिवा चालूच राहिलेला असतो, किंवा मोजणारा बोलत असतो.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा. एखादा पंखा पाचवर ठेवूनही रेंगाळत असेल, तर त्याचा कंडेन्सर उतरलेला असण्याची शक्यता मोठी आहे. असा पंखा वीज घेतो आणि वारा देत नाही, म्हणून मुले शेजारचाही लावतात. तो बदलण्याचे काम वायरमनचे; तुम्ही फक्त पंख्याचा क्रमांक वहीत लिहून मुख्याध्यापकांना द्यायचा.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. त्यांच्या शाळेत ‘ऊर्जा पोलीस’ नेमले असून ते पंखे बंद करत फिरतात आणि बटण चालू ठेवणाऱ्याला दंड करतात. मार्चच्या उकाड्यात मुले घामाघूम होऊन घरी येतात. बचतीसाठी हे योग्य आहे का? (पालक, रत्नागिरी)

उत्तर : नाही, ताई, हे योग्य नाही. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि पंख्याखाली बसणे ही चैन नसून अभ्यासाची गरज आहे. माणसे बसलेल्या वर्गातला पंखा बंद करून मिळालेली बचत प्रकल्पाच्या हिशेबात धरूच नये. रिकाम्या वर्गातला पंखा, मैदानावर गेलेल्या तुकडीचा पंखा, मधल्या सुट्टीतला पंखा, एवढीच या गटाची हद्द असावी. दंड आणि पोलीस हे शब्दही मला खटकतात, कारण त्यातून वीज वाचण्यापेक्षा भांडणे जास्त होतात. शाळेला पत्र लिहून आपण हे कळवावे. सोबत एवढेही सुचवावे की पत्र्याचे छप्पर असेल, तर वर्गातला खरा उकाडा छपरातून येतो. त्याखाली छत बसवणे किंवा पत्र्याला उष्णता परतवणारा पांढरा रंग देणे याचा उपयोग होतो. साधा चुना मात्र आपल्या पहिल्याच पावसात धुऊन जातो.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट बावीस, वर्गखोल्या दोन. विजेचे बिलच जेमतेम, त्यात मुलांनी वाचवून वाचवून काय वाचवायचे? तरीही वरून उपक्रमाची सूचना आली आहे. (शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, गुहागर तालुका)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गोड करून देण्यात अर्थ नाही. चार पंखे आणि चार ट्यूब दिवसाला पाच तास चालल्या तर सव्वादोन-अडीच युनिटे होतात, महिन्याला पन्नासच्या आसपास. त्यातली वीस टक्के वाचवली तरी दहा युनिटे; आणि बिलातला स्थिर आकार तर वीज वापरा अथवा वापरू नका, द्यावाच लागतो. अशा शाळेने केवळ बिलाच्या मागे लागू नये.

आपल्या शाळेत जास्त ऊर्जा खर्च होण्याच्या जागा बहुधा दोन आहेत आणि दोन्ही वर्गाबाहेर आहेत. पहिली विहिरीवरचा पंप. एक अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो. टाकी भरून वाहत असताना तो रोज अर्धा तास चालू राहिला, तर चार ट्यूब अडीच तास जाळल्याएवढी वीज अंगणातून ओहोळाने निघून जाते. टाकी किती मिनिटांत भरते हे मुलांनी एकदा मोजून पंपाच्या बटणाशेजारी लिहून ठेवावे, आणि गळक्या नळाखाली तपेली ठेवून दिवसाला किती पाणी जाते ते मोजावे. चौथी-पाचवीच्या मुलांना हे गणित सहज जमते, आणि मार्चनंतर विहिरीचा तळ दिसू लागला की त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे शालेय पोषण आहाराची चूल, मग ती लाकडाची असो वा गॅसची. कडधान्य आदल्या रात्री भिजत घातले तर ते पुष्कळ लवकर शिजते. उकळी फुटल्यावर आच मंद करून झाकण ठेवले तर इंधन कमी लागते. डाळीला कुकर असला तर फारच उत्तम. हे सारे स्वयंपाक करणाऱ्या ताईंना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते, अडचण असते ती आदल्या दिवशी किती मुले येणार हे न कळण्याची. तो अंदाज मुलांनी शाळा सुटताना त्यांना द्यावा, आणि मोठ्या मुलांनी एक सिलिंडर किती दिवस पुरला याची तारीख भिंतीवर लिहावी. अर्थात चुलीजवळ जाण्याचे काम मुलांचे नाही.

कौलारू इमारत असेल तर वर्गाच्या मध्यावर दोन-चार काचेची कौले बसवून घ्यावीत. आपल्या आजोबांच्या माजघरात उजेड असाच येत असे. पावसाळ्यानंतर त्यांवर शेवाळ चढते. कौले चाळायला माणूस छपरावर जाईल तेव्हा ती पुसून घ्यावीत.

प्रश्न : आमच्या गावच्या मुंबई मंडळाने हायस्कूलसाठी निधी जमवला आहे. माजी विद्यार्थ्यांची इच्छा छपरावर सोलर बसवण्याची आहे; शिक्षक म्हणतात, आधी सगळे पंखे बदला. मुलांच्या ऊर्जा प्रकल्पाला जोडून काय करावे? (मंडळाचे एक सदस्य, राजापूर तालुका)

उत्तर : देणगीदारांना छपरावर चमकणारी वस्तू आवडते, कारण तिच्यासमोर उभे राहून छायाचित्र घेता येते; पंख्यावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. तरीही दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून पाहू.

आपल्या हायस्कुलात दहा वर्ग आणि चाळीस पंखे आहेत असे धरू. ७५ वॉटच्या जागी ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा लावला तर पंख्यामागे ४५ वॉट वाचतात. रोज पाच तास आणि २२० दिवस धरून वर्षाला जवळपास ५० युनिटे, म्हणजे आठ रुपये दराने ४०० रुपये. पंखा तीन हजारांचा असेल तर तो वसूल व्हायला सात-साडेसात वर्षे लागतील. घरातला पंखा दिवसाचे पंधरा तास फिरतो, शाळेतला पाचच. म्हणून घराला लागू पडणारा हिशेब शाळेला लागू पडत नाही. माझे मत असे की चालू स्थितीतले चाळीस पंखे एकदम उतरवू नयेत. जो पंखा बिघडेल त्याच्या जागी बीएलडीसी घ्यावा. साध्या नव्या पंख्याहून जे हजार-दीड हजार जास्त पडतात, ते तीन-चार वर्षांत फिटतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकन सक्तीचे आहे, तेव्हा खरेदी करताना तारे पाहावेत. रिमोटवर चालणारा पंखा मात्र शाळेने घेऊ नये, रिमोट पहिल्या सत्रातच हरवतो. भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे प्रकार मिळतात.

आता सोलर. एक किलोवॉटला छपरावर साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिटे मिळतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा आकडा बराच खाली येतो. सावलीचा विचार नारळाच्या झाडाची उंची आज आहे तेवढीच धरून करू नये. खाऱ्या हवेत साधे लोखंडी अँगल काही वर्षांतच गंजाने फुलतात, म्हणून सांगाडा गरम जस्तलेपनाचा किंवा ॲल्युमिनियमचा घ्यावा आणि पॅनेलांची आयईसी ६१७०१ ही खाऱ्या हवेची चाचणी झाली आहे का हे लेखी विचारावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत छपरांचे आणि विजेच्या खांबांचे काय केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे; पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गेले. तेव्हा वाऱ्याचा जोर धरून केलेले सांगाड्याचे गणित इंजिनिअरच्या सहीने मिळाल्याशिवाय काम देऊ नये, आणि कौलांवर पॅनेल मुळीच बसवू नयेत.

नेट मीटरिंग (जास्तीची सौर वीज जाळ्यात देऊन ती बिलात वळती करून घेण्याची पद्धत) घेतल्यास शाळांना एक सोय आपोआप मिळते. मे महिन्यात ऊन भरपूर आणि शाळा बंद. ती जास्तीची युनिटे खात्यात जमा राहतात, आणि हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च असल्यामुळे ती पावसाळ्यात वापरता येतात.

मुलांच्या प्रकल्पाचा संबंध येथे येतो. मुलांनी आधी सहा महिने नोंदवही चालवावी, रात्रीचा खर्च बंद करावा, ट्यूब बदलून घ्याव्यात आणि मग उरलेल्या वापरावर किती किलोवॉट लागतील ते काढावे. पुरवठादाराने सांगितलेला आकडा आणि मुलांच्या वहीतला आकडा शेजारी ठेवून मंडळाने निर्णय घ्यावा. पुरवठादाराचा आकडा बहुधा मोठा असतो.

प्रश्न : आमच्या तालुक्यातच पोफळीला कोयनेची वीज तयार होते आणि ती पाण्यापासून होते. मग आमच्या शाळेने वीज वाचवून प्रदूषण कसे कमी होणार, असे मुले विचारतात. काय सांगावे? (शिक्षक, चिपळूण तालुका)

उत्तर : मुलांचा प्रश्न उत्तम आहे. पोफळीची वीज पोफळीच्या परिसरातच वापरली जाते असे नाही. कोयना, जयगडचा कोळशावरचा प्रकल्प, अंजनवेलचा वायूवरचा प्रकल्प आणि राज्याबाहेरची केंद्रे या सर्वांची वीज एकाच जाळ्यात पडते, आणि त्या जाळ्यातला मोठा वाटा कोळशाचा आहे. देशभराची सरासरी धरली तर एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मुलांनी अहवालात हाच आकडा वापरावा.

कोयनेची गोष्ट त्याहून रंजक आहे. १९६० मेगावॉट क्षमतेचा हा प्रकल्प चोवीस तास पूर्ण जोरात चालवता येत नाही, कारण कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) अशी मर्यादा घातलेली आहे. म्हणून ते पाणी राखून, मागणी जास्त असते अशा वेळी वापरले जाते. आज न वापरलेले कोयनेचे पाणी धरणातच राहते आणि दुसऱ्या वेळी कोळशाची वीज टाळण्याच्या कामी येते. सहल पोफळीच्या बाजूला जाणार असेल, तर वाशिष्ठीच्या पात्रात येणारे अवजल, म्हणजे वीज तयार झाल्यावर बाहेर पडणारे पाणीही, मुलांना दाखवावे. वीज होऊन गेल्यावर पाणी कोठे जाते, हा प्रश्न मग तेच विचारतील.

प्रश्न : आमच्या विद्यार्थ्यांनी दोन वर्षे कष्ट करून बिल कमी केले. पण बिल संस्था भरते, वाचलेला पैसा संस्थेच्या खात्यात राहतो आणि मुलांच्या हाती टाळ्यांशिवाय काही लागत नाही. आता मुलांचा उत्साह ओसरला आहे. (मुख्याध्यापक, मालवण तालुका)

उत्तर : सर, हीच अडचण जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात आली होती. तेथे शाळांची बिले नगर प्रशासन भरत असे, त्यामुळे वाचवण्यात शाळेला काही स्वारस्य नव्हते. १९९४ मध्ये त्या शहराने ‘फिफ्टी-फिफ्टी’ नावाची पद्धत सुरू केली : विद्यार्थी आणि शिक्षकांच्या सवयी बदलून जेवढी ऊर्जा व पाणी वाचेल, त्या रकमेतील निम्मा वाटा शाळेला, निम्मा शहराला. ती पद्धत जर्मनीतल्या इतर शहरांत आणि २००९ पासून एका युरोपीय प्रकल्पातून इतर देशांतही पसरली. तिकडे मुख्य खर्च वर्ग उबदार ठेवण्याचा, त्यामुळे तेथील मुले थर्मामीटर घेऊन वर्गावर्गांत हिंडतात. आपल्याकडे पंखे आणि पंप मोजावे लागतील, एवढाच फरक.

आपण संस्थेच्या कार्यकारिणीपुढे जूनमध्येच एक साधा ठराव ठेवावा. मागील तीन वर्षांच्या वापराची सरासरी हा पाया धरावा आणि तो युनिटांत असावा. रुपयांत धरल्यास दर वाढला की मुलांची बचत कागदावरून नाहीशी होते. हा पाया किमान तीन वर्षे बदलू नये, नाहीतर पहिल्या वर्षी चांगले काम केल्याची शिक्षा दुसऱ्या वर्षी मिळते. नवा संगणक कक्ष किंवा नवी वर्गखोली झाली तर तेवढा वापर पायात मिळवावा. वाचलेल्या रकमेचा अर्धा भाग विद्यार्थ्यांच्या ऊर्जा गटाने ठरवलेल्या कामाला द्यावा आणि ते काम काय असावे यावर शिक्षकांनी शक्यतो मौन पाळावे. मुलांनी क्रिकेटची बॅट मागितली तर बॅट द्यावी. जिल्हा परिषदेच्या शाळांत हाच ठराव शाळा व्यवस्थापन समितीत आणता येईल. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

वर्गावर्गांत बक्षिसाची चुरस लावण्याचा मोह मात्र टाळावा. तळमजल्यावरचा फणसाच्या सावलीतला वर्ग आणि वरचा पश्चिमेचा वर्ग यांची शर्यत कधीच सारखी नसते, आणि मुलांना ते पहिल्याच आठवड्यात कळते.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या एका वर्गातल्या भिंतीला आणि बोर्डाला हात लावला की झिणझिण्या येतात. ऊर्जा गटातली मुले हुशार आहेत. त्यांच्याकडून वायरिंगची तपासणी करून घ्यावी का? (शिक्षक, श्रीवर्धन तालुका)

उत्तर : मुळीच नाही. त्या वर्गाचा वीजपुरवठा मुख्य स्विचवरून आजच बंद करावा, मुलांना दुसऱ्या खोलीत बसवावे आणि परवानाधारक वायरमनकडून गळती शोधून घ्यावी. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग अनेकदा नीट मिळत नाही, म्हणून त्याचीही मोजणी करून घ्यावी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. ऊर्जा गटाने बोर्ड उघडायचा नाही, स्टुलावर चढून पंखा पुसायचा नाही आणि ओल्या हाताने बटणाला स्पर्श करायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहून घ्यावे. आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा शिक्षकांनी दाबावे. पुरवठा तत्काळ तुटला पाहिजे. न तुटल्यास त्याच दिवशी वायरमनला बोलवावे. दाबल्याची तारीख वहीत लिहिण्याचे काम मुलांकडे देता येईल.